खडूच्या फुल्या

हे खोटं वाटेल. वाटू दे. ताईने सांगितलं तेव्हा मलाही वाटलं होतं.

पण ताई, म्हणजे माझी मावसबहीण, तिला थाप मारता येत नाही. लहानपणी लपाछपीत कुणी नुसतं "कुठे आहेस गं?" विचारलं, तरी "इथे!" म्हणून ओ देणारी बाई ती. आणि भुताखेतांच्या नादी लागणाऱ्यांची तिच्याइतकी टिंगल आमच्या घरात कुणी केली नसेल.

भुताची गोष्ट म्हटली की तुम्हाला मध्यरात्र लागते, माहितेय मला. इथे दुपार होती. बुधवार. सव्वाचार वाजले होते आणि ऊन मी म्हणत होतं.

जागा म्हणाल तर... चारही बाजूंना समुद्र. मधोमध एक जहाज.

साधं जहाज नव्हे हं. तरंगता कारखाना. समुद्राच्या तळाखालचा गॅस वर ओढायचा, तिथल्या तिथे इतका गार करायचा की त्याचा द्रव होतो, आणि तो दुसऱ्या जहाजात भरून पाठवायचा. सहाशे खोल्या भरतील एवढा गॅस एका खोलीत मावतो. किनाऱ्यापासून लांब छोटासा साठा सापडला, तर जमिनीपर्यंत पाइप टाकणं परवडत नाही. मग हे जहाज तिथे न्यायचं. साठा संपला की पुढच्या जागी. ऐकायला झकास! पण ते बांधायचा खर्च ऐकून डोळे पांढरे होतात, आणि चार दिवस बंद पडलं तर वर्षाचं गणित कोलमडतं.

ते गणित मांडणं हीच ताईची नोकरी. परवडतं की नाही, ते ती सांगायची.

अडीच वर्षांपूर्वी गॅसचा भाव घसरला. जहाज चालवणं अंगावर यायला लागलं. तेव्हा ताईनेच अहवाल दिला की माणसं कमी करा. समुद्रावर एक माणूस ठेवायचा तर खोली हवी, जेवण हवं, हेलिकॉप्टर हवं, आणि तो सुट्टीवर गेला की बदली माणूस हवा. तिने फेरीवरच्या, म्हणजे पाइप तपासत फिरणाऱ्या माणसांच्या, आठही जागा कापल्या आणि त्यांच्याऐवजी सेन्सर सुचवले.

त्या आठांत एक होते ठोकेकाका.

त्यांचं खरं नाव जहाजावर कुणी घेतच नसे. हातात कायम पितळी हातोडी. पितळी अशासाठी, की लोखंडावर लोखंड आपटलं की ठिणगी उडते, आणि गॅसच्या कारखान्यात ठिणगी म्हणजे खेळ खलास. रोज दुपारी सव्वाचारला ते फेरीला निघायचे. गार पाइपांवर जाड आवरण असतं, त्यावर तीन ठोके मारायचे. टक. टक. टक. कान लावून ऐकायचे. आवाज पोकळ आला, की आत बर्फ धरतोय. म्हणजे तिथून गळती होणार. तो गार द्रव पोलादावर सांडला ना, तर पोलाद काचेसारखं तडकतं.

पोकळ आवाज आला की काका तिथे खडूने फुली मारायचे. नंतर जो ती फुली बघेल त्याने दुरुस्तीला माणूस बोलवायचा आणि फुली हाताने पुसायची. पुसली म्हणजे, "पाहिलं." ही जहाजावरची जुनी रीत होती.

जागा कापल्याचं ताईने व्हिडिओ कॉलवर सांगितलं, तेव्हा काका एवढंच म्हणाले होते, "बाई, सेन्सर जिथे बसवलाय तिथलं तो सांगेल. जिथे बसवला नाही, तिथलं कोण सांगणार?"

"काका, आकड्यांत तेवढं बसत नाही," ताई म्हणाली होती.

मग दोन वर्षं गेली. आणि काय सांगू, ताईचा अहवाल खरा ठरला! इतक्या काळात जहाज एकदाही अचानक बंद पडलं नाही. कंपनीने ताईला डोक्यावर घेतलं. तसंच दुसरं, बांधून तयार असलेलं जहाज घ्यायचं ठरवलं, पहिल्यापासूनच फेरीच्या माणसांशिवाय चालवायला. स्वस्तात बसत होतं म्हणूनच तर बँका पैसे द्यायला तयार झाल्या.

त्या दुसऱ्या जहाजाच्या कंट्रोल रूममध्ये भाऊजींना नोकरी लागली. भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा. पगार दीडपट. घरात सगळे खूश.

आता फक्त एक शेवटचा कागद राहिला होता. पहिल्या जहाजाचा अनुभव तिथे जाऊन तपासायचा आणि सही करायची. म्हणून ताई त्या बुधवारी जहाजावर उतरली.

दिवसपाळीचा मुकादम तिला फिरवत होता. गप्पिष्ट माणूस. पण आत यंत्रांचा असा गदारोळ, की कानांत बोळे घालूनच जायचं. एकमेकांशी बोलायचं तर खुणांनी, नाहीतर कानाशी ओरडून.

आणि त्या गदारोळात ताईला ऐकू आलं...

टक. टक. टक.

स्वच्छ. शेजारच्या खोलीत कुणी दारावर वाजवावं तसं.

तिने मुकादमाच्या कानाशी ओरडून विचारलं, "कोण ठोकतंय?"

तो हसला. "मॅडम, इथे तोफ उडाली तरी ऐकू येणार नाही. ठोके कसले ऐकताय?"

दहा पावलं पुढे गेल्यावर मुकादम थांबला. पाइपाच्या आवरणावर पांढरी फुली होती. त्याने खाली वाकून बोट फिरवलं. रुपयाएवढा बर्फ. त्याने वायरलेसवर फिटरला बोलावलं, हातमोज्याने फुली पुसली आणि पुढे चालायला लागला.

बाहेर आल्यावर ताईने विचारलं, "फुली कुणी मारली?"

"रात्रपाळीवाले मारतात. त्यांचा मुकादम एक नंबरचा आडमुठा आहे, पण नजर चांगली, हे मान्य करायला पाहिजे."

संध्याकाळी सहाला पाळी बदलली. जेवणाच्या टेबलावर रात्रपाळीचा मुकादम भेटला. ताईने सहज त्याच्या फुल्यांचं कौतुक केलं.

त्याचा घास हातातच राहिला. "आमच्या? आम्ही कशाला मारू? ती दिवसपाळीवाल्यांची कामं. आम्ही नुसत्या पुसतो."

"तुम्ही दोघं कधी बोलला नाहीत याबद्दल?"

"त्याच्याशी? मी?" तो फणकारला.

झालं होतं असं, की दोन वर्षांपूर्वी टेबल टेनिसच्या एका पॉइंटवरून दोघांचं वाजलं होतं. तेव्हापासून बोलाचाली बंद. पाळी एकमेकांच्या हातात द्यायची ती वहीत चार ओळी खरडून. घोड्यासारखे वाढलेले पुरुष, पण हट्ट बघा! दिवसपाळीला वाटे रात्रपाळी फुल्या मारते. रात्रपाळीला वाटे दिवसपाळी. दोन वर्षं दोघं इमानदारीत फुल्या पुसत होते आणि गळत्या बुजवत होते.

मग मारत कोण होतं...?

ताईने स्टोअरवाल्याला गाठलं. खडू कुणाला देता? तो म्हणाला, "खडू येतच नाही हो आता. फेरीची माणसं गेली तेव्हा खडूही बंद झाला. तुमच्याच अहवालात होतं ना!"

होतं. तिला ती ओळ आठवली. तिने स्वतःच्या हाताने कापलेली.

"आणि ठोकेकाका? कुठे असतात हल्ली?"

स्टोअरवाल्याने मान खाली घातली. "तुम्हाला कुणी कळवलं नाही? इथून उतरले आणि दोन महिन्यांत गेले. घरी खुर्चीत बसल्या बसल्या. दुपारची वेळ होती म्हणे."

ताईने मनात महिने मोजले. फुल्या त्यानंतरच्या होत्या.

रात्रभर तिचा डोळा लागला नाही. सकाळी ती मॅनेजरच्या केबिनमध्ये कागद घ्यायला गेली. भिंतीवर काकांची पितळी हातोडी आठवण म्हणून टांगलेली होती. तिच्या दांड्यावर बोटांचे ठसे होते...

पांढरे. खडूचे.

मॅनेजर म्हणाला, "कितीदा पुसायला लावलं. धूळ बसते."

दुपारी चारला ताई पाइपांमधल्या त्याच गल्लीत जाऊन उभी राहिली. एकटीने जायची परवानगी नव्हती, म्हणून दिवसपाळीचा मुकादम गल्लीच्या तोंडाशी थांबला होता. परत जावं असं शंभरदा वाटलं. पण नवरा पुढच्या महिन्यात असल्याच जहाजावर जाणार होता, आणि तिला कळायलाच हवं होतं.

सव्वाचार.

टक. टक. टक.

लांबून. मग थोडं जवळून. मग कुणीतरी थांबून ऐकत असावं तेवढी शांतता... आणि परत. टक. टक. टक.

आवाज तिच्याजवळ आला. समोर कुणी नव्हतं. जाळीच्या जमिनीवर पाऊलही वाजलं नाही.

टक. टक...

तिसरा ठोका तिच्या खांद्याजवळ पडला. पोकळ.

मग खडूचा करकर आवाज झाला. ताईने मान वळवली. आवरणावर फुली होती, आणि तिच्याखाली पांढरी भुकटी अजून खाली पडत होती.

ती किती वेळ तशी उभी होती, तिला आठवत नाही. शेवटी तिने हातमोजा काढला. उघड्या तळहाताने फुली पुसली.

"पाहिलं, काका," ती म्हणाली. तिला रडू फुटलं. "चुकलं माझं."

ठोके पुढच्या पाइपाकडे गेले. माणसाला काम पडलेलं असतं तेव्हा तो थांबत नाही, तसे.

तुम्ही म्हणाल, बरंच आहे की! भूत काम करतंय, फुकटात. मीही हेच म्हणाले. तर ताई माझ्यावर खेकसली, "अगं, दुसऱ्या जहाजावर कोण आहे?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

तिचा सगळा अहवाल, ती दोन वर्षं, बँकांना दाखवलेले ते देखणे आकडे... ते सेन्सरचे नव्हतेच. ते काकांचे होते. आणि काका पहिल्या जहाजावर होते.

परत आल्यावर ताईने नवा कागद लिहिला. दुसऱ्या जहाजावर फेरीची आठ माणसं हवीत. साहेबांनी तो वाचला आणि तिचाच जुना अहवाल तिच्यापुढे सरकवला.

"आठ माणसं घातली तर या भावात प्रकल्प तोट्यात जातो. आणि कशासाठी? दोन वर्षांत फेरीवर एक माणूस नाही आणि एक दिवस बंद नाही. हे तुम्हीच सिद्ध केलंत ना?"

"माणूस नव्हता, सर. पण..."

"पण काय?"

तिने सांगितलं. सगळं. कानांत बोळे असताना ऐकलेले ठोकेसुद्धा. दोन्ही मुकादमांना विचारा म्हणाली. साहेबांनी विचारलंही, आणि दोघांनीही फुल्या आपल्याच पाळीच्या म्हणून सांगितलं. नोकरीवर कोण पाणी सोडतं? साहेबांनी ताईला पाणी दिलं आणि पंधरा दिवसांची सुट्टी घ्यायला सांगितलं. ताईने सही केली नाही. तिच्या हाताखालच्याने केली, त्याच दुपारी.

भाऊजींपुढे तिने हात जोडले. "अहो, नका जाऊ. दुसरं काहीतरी बघू."

"तूच तर लिहिलंस, सगळ्यात बिनबोभाट जहाज म्हणून! आता वेडेपणा करू नकोस."

ते गेले. जाताना तिने त्यांच्या बॅगेत खडूचं नवंकोरं खोकं ठेवलं. ते हसून म्हणाले, "शाळेत चाललोय का मी?"

गेल्या रविवारी मी तिच्याकडे होते. सव्वाचारला तिने फोन लावला. रोज लावते. भाऊजी तेव्हा कंट्रोल रूममध्ये असतात. तिने स्पीकर चालू केला.

"काही वाजतंय का हो तिकडे? ठोके वगैरे?"

"परत तेच? काही नाही."

"एकदा बाहेर फेरी मारून या ना."

"अगं, इथे माणसं आहेतच कितीशी! स्क्रीनसमोरून उठलो तर बघणार कोण?"

ताई फोनच्या आणखी जवळ सरकली. मग हळूच विचारलं, "खोकं?"

"टेबलावरच आहे."

"उघडलेलं आहे का? एखादा खडू कमी झालाय का?"

"नाही गं बाई. सील तसंच आहे." भाऊजी हसले. "तू उगाच काळजी करतेस. इतकं शांत जहाज मी आयुष्यात पाहिलं नाही."

फोन ठेवला. ताईचा चेहरा बघवत नव्हता. खिडकीशी जाऊन ती पुटपुटत होती, "काका, या हो. एकदा तिकडेही या."

भूत जावं म्हणून हातापाया पडणारी माणसं मी पाहिली आहेत. यावं म्हणून रडणारी ही पहिलीच.

तेव्हापासून माझंही लक्ष रोज सव्वाचारला घड्याळाकडे जातं. ताईला फोन करते. तिकडची खबर विचारते.

आज विचारलं, तर म्हणाली, अजून शांतच आहे.