एका शब्दाचा निरोप

आई सोळा मार्चला घरी आली.

असं काहीही झालेलं नाही. गोडीगुलाबी कंपनीच्या नोंदीत आई अजून समुद्राच्या तळाशी आहे आणि मजेत आहे. कंपनी एवढी मोठी, तेव्हा तिचंच बरोबर असणार. आपणही तसंच धरून चालू.

तर, आई समुद्राच्या तळाशी आहे. आमच्या कोपरगावात समुद्र नाही, आणि आई विहिरीत डोकवायलाही घाबरायची. पण गोडीगुलाबीचे सर्व्हर (सगळ्यांचे निरोप साठवून पुढे पाठवणारे संगणक) फार तापतात, म्हणून कंपनीने ते समुद्रतळावर गार पाण्यात ठेवलेत. त्यांच्या दुरुस्तीला माणसं लागतात. आई त्यातलीच एक, वर्षाच्या करारावर गेलेली. तिथून वर येणारी केबल एकच, आणि तिच्यातून फक्त गोडीगुलाबीचे निरोप जातात.

घरी मी, म्हणजे कृत्तिका, आईचे वडील आप्पा आणि बाबा. बाबा या गोष्टीत फारसे येणार नाहीत, कारण ते कायम कारखान्यात शिफ्टला असतात.

कोडं सुरू झालं ते फेब्रुवारीतल्या गणिताच्या चाचणीपासून. मला ७/४० मिळाले. मी आईला खरं ते लिहिलं आणि फोन उशीखाली ठेवला, कारण आई लिहूनसुद्धा ओरडू शकते. उत्तर आलं:

"४१ शाब्बास कृत्तिका! मला तुझा अभिमान वाटतो. मी इथे मजेत आहे."

मी ते तीनदा वाचलं. मागे चाळीसपैकी अडतीस मिळाले होते, तेव्हा हीच आई म्हणाली होती, "उरलेले दोन कुणाला देऊन आलीस?"

आठवड्याने मी लिहिलं, "करार पंधरा मार्चला संपतोय. लगेच ये." उत्तर आलं:

"१९ तुमचा निरोप मिळाला. तुम्ही म्हणता तशी अजून दोन वर्षं राहते."

आम्ही असं म्हटलंच नव्हतं. पंधरा तारखेला आईने 'मुदतवाढ'चं बटण दाबलं की ती आणखी दोन वर्षं पाण्याखाली.

मी धावत आप्पांकडे गेले. आप्पांना मोतीबिंदू आहे, त्यामुळे निरोप मीच वाचून दाखवायचे. घाबरून या वेळी सगळंच वाचलं.

"थांब. एकोणीस काय?" आप्पा म्हणाले.

"काही नाही हो. आईची सवय. किराण्याच्या यादीवरपण घालते ना, कोपऱ्यात गोल करून."

"ती सवय माझी आहे. मी लावली तिला. हा आकडा तू मला आजवर वाचून का नाही दाखवलास?"

"त्यात काय वाचायचं?"

आप्पा सरसावून बसले. मग म्हणाले, "शब्द मोज."

शब्द दहा भरले.

आप्पा तरुणपणी तार ऑफिसात होते. तार (तारेतून कट्ट-कडकट्ट करत जाणारा छोटा निरोप) पाठवताना तिच्यावर शब्दसंख्या घालायची. पलीकडचा माणूस शब्द मोजायचा. आकडा जुळला नाही, तर वाटेत काहीतरी झालंय. याला पडताळा-अंक (निरोप जसाच्या तसा पोचला का, हे तपासायची संख्या) म्हणता येईल. आई पहिल्या दिवसापासून तो पाठवत होती, आणि मी तो गाळून वाचत होते. म्हणजे घरातली पहिली गाळणी मीच.

आम्ही सगळे तीनशे बारा निरोप मोजले. पहिल्या आठवड्यात आकडे जुळत होते. मग एक शब्द कमी. मग चार. मग वीस. एकूण सहा हजार एकशे सात शब्द वाटेत बुडाले होते, आणि त्यांच्या जागी कुणीतरी मजेत होतं. गेले कित्येक महिने मी रोज त्या कुणालातरी 'शुभ रात्री' म्हणत होते.

"हे करतं कोण?" मी विचारलं.

ते गोडीगुलाबी वापरायच्या करारातच होतं, चौऱ्याऐंशी पानांपैकी एकसष्टाव्यावर: 'वापरणाऱ्याच्या सुखासाठी निरोपाचा सूर सांभाळला जाईल.' खाली बाबांनी 'मान्य' दाबलं होतं. बाबांचं या गोष्टीतलं काम एवढंच.

सूर सांभाळायला फिल्टर (नको ते शब्द अडवणारी गाळणी) बसवला होता. त्याला राग, रडू, कंटाळा कळायचा. आकडे मात्र तो सोडून द्यायचा, कारण आकड्यांमुळे कुणी दुःखी होत नाही असं त्याला वाटतं. चाळीसपैकी सात त्याला कधी मिळालेले नाहीत.

"पूर्वी सरकार तार अडवायचं," आप्पा म्हणाले. "पण अडवलेली तार पोचायचीच नाही, आणि माणूस चौकशीला यायचा. इथे निरोप रोज पोचतो, म्हणून चौकशीला कुणी येत नाही."

"दुसऱ्या रस्त्याने पाठवू."

"केबल एकच. मालकही एकच."

मी विचार केला. शब्द बदलतात, आकडा टिकतो. मग आकड्यानेच सांगायचं.

"आप्पा, एका शब्दाची तार चालते?"

आप्पा हसले. "एका शब्दात आईला सांगण्यासारखी गोष्ट तरी एकच असते."

मी लिहिलं: "१ ये"

आई घरी आलेलीच नाही, त्यामुळे हे तिने मला सांगितलेलं नाही, पण तिच्या फोनवर उमटलं ते असं: "१ आई, आम्ही खूप मजेत आहोत. तू अजिबात घाई करू नकोस."

मी रोज तेच पाठवलं. फिल्टर रोज जास्त गोड होत गेला. पाचव्या दिवशी आईला कळलं की आम्ही घराला गुलाबी रंग दिलाय, बाबा बासरी शिकलेत आणि आप्पांना नवे दात आलेत. वर आकडा: एक.

चौदा मार्चला उत्तर आलं:

"१ समुद्र सुंदर आहे. मासे मला नावाने ओळखतात. मला परत यावंसं वाटत नाही. मला परत यावंसं वाटत नाही. मला परत यावंसं वाटत नाही."

"एकच शब्द लिहिलाय तिने," आप्पा म्हणाले.

"पण कुठला? 'येते', की 'नाही'?" मी विचारलं. आकडा फक्त सांगतो की निरोप बदललाय. आधी काय होता, ते नाही सांगत.

आप्पांनी डोळे मिटले. "कृत्तिके, 'नाही' असतं, तर फिल्टरला आवडलं असतं. त्याने ते तसंच सोडलं असतं."

मग सोळा मार्चला जे झालं नाही, ते झालं. एसटी स्टँडवर आई उतरली. वाळलेली, पांढरीफटक. तिने मला घट्ट धरलं आणि म्हणाली, "चाळीसपैकी सात?"

घरापर्यंत ती ओरडत होती. आप्पा मागून शब्द मोजत होते. एकही कमी नव्हता.

कंपनीचा फोन कंपनीने काढून घेतला. त्यावर काय काय लिहिलं होतंस, असं विचारलं की आई विषय बदलते. ती शेजारी बसून मेथी निवडत असताना गोडीगुलाबीवर तिचा निरोप अजून येतो: मी मजेत आहे. आता त्यावर आकडा नसतो.

आमच्या वर्गात बावीस जण निरोपांवर आकडा घालतात. फिल्टर उद्या आकडेही बदलायला शिकेल. मग निरोपाला कुलूप घालावं लागेल, ज्याची किल्ली फक्त घेणाऱ्याकडे असते (याला कूटलेखन म्हणतात). मी ते शिकतेय. त्याला गणित लागतं, असं आई म्हणाली. बरंच म्हणाली.

दरम्यान कंपनीला अर्ज केलाय. आकडा वर आहे, मोजून बघा.

४९

प्रति, तक्रार निवारण यंत्र, गोडीगुलाबी कंपनी, समुद्रतळ.
अर्जदार: कृत्तिका दवंगे, इयत्ता सातवी.
विषय: आईचे शब्द परत मिळण्याबाबत.
महोदय, माझ्या आईचे सहा हजार एकशे सात शब्द आपल्याकडे राहिले आहेत. ते मूळ क्रमाने, न धुता, न गाळता परत द्यावेत. रागाचे आधी दिले तरी चालतील. रडल्याचे असतील, तर तेही द्यावेत, ही विनंती.