हाताचा कौल

शप्पथ घेऊन सांगते पोरींनो, ह्यातला शब्द न् शब्द खरा आहे! एक अक्षर जरी खोटं निघालं ना, तर माझी कवळी भर जेवणात ताटात पडू दे. आणखी काय लिहून देऊ?

तर एक मुलगी होती. सगळे तिला भिंगरी म्हणायचे. पाय एका जागी ठरायचा नाही, आणि मन तर त्याहून नाही. दिवसा ती मामाच्या चष्म्याच्या दुकानात काउंटर सांभाळायची आणि संध्याकाळी पलीकडच्या गल्लीत एका बाईंकडे कायनेसिऑलॉजी शिकायची. शब्द जड आहे, पण प्रकार सोपा. माणसाने हात आडवा धरायचा, काहीतरी बोलायचं, आणि आपण त्याच्या मनगटावर दोन बोटं टेकवून हलकेच दाबायचं. बोललेलं अंगाला पटलं तर हात टिकतो. नाही पटलं, कुठे ताण असला, ऊर्जा अडली असली, तर हात लोण्यासारखा खाली. मग त्या ताणावर काम करायचं. यात शास्त्र किती आणि श्रद्धा किती, यावर लोक भांडतात. भांडू देत, आपल्याला गोष्टीशी मतलब. आणि बाई स्वतःच पहिल्या दिवशी बजावायच्या, "डॉक्टर सोडायचा नाही. हाडं त्यांची, आपण नुसता ताण हलका करतो."

भिंगरीला हेच करायचं होतं आयुष्यभर. स्वतःची खोली, पांढरी चादर घातलेलं टेबल, आणि दारावर पाटी. मामा म्हणाला होता, "सर्टिफिकेट मिळव, पाटी मी स्वतः ठोकून देतो. पण आजवर कितीतरी अर्धवट सोडलंस, ही शेवटची खेप. नाही मिळालं तर निमूट काउंटर."

सर्टिफिकेटसाठी एक केस लागायची. कोणाला तरी काही आठवडे हाताखाली घ्यायचं आणि शेवटी बाईंसमोर तपासून दाखवायचं. पण हात कोण देणार? आईला गुदगुल्या व्हायच्या. मैत्रिणी हसत सुटायच्या.

अशात एका सकाळी, बारीक भुरभुर चालू असताना, ती दुकानाच्या वाटेवरच्या चौकात थांबली. मधोमध वाहतूक पोलीस. उंच, रेनकोटमधून पाणी ठिबकतंय, आणि उजवा हात वर नेताना... ओठ आवळतोय! खांद्यापाशी आला की हात अडायचा. झालं. भिंगरी सरळ चालत रस्त्याच्या मधोमध गेली.

"उजवा खांदा का?"

त्याने शिट्टी तोंडातून काढली. "सिग्नल लाल आहे."

"तो गाड्यांना. खांदा कधीपासून धरलाय?"

"बाई, तुम्ही रस्त्याच्या मध्ये उभ्या आहात."

"तुम्ही पण."

तो तिच्याकडे बघत राहिला, ती त्याच्या खांद्याकडे, आणि चारी रस्ते तुंबले. असे तुंबले म्हणता! मागच्या एका गाडीत आईच्या मांडीवरचं बाळ होतं, ते चौकापर्यंत पोचेस्तोवर रांगायला लागलं.

"डॉक्टरांनी व्यायाम दिलेत," तो शेवटी म्हणाला.

"करता?"

"...विसरतो."

"मग संध्याकाळी पलीकडच्या गल्लीत आमच्या बाईंच्या क्लासवर या. व्यायामाची आठवण मी करीन. तुम्ही फक्त हात आडवा धरायचा."

"दिवसभर तेच करतो."

पण आला! टोपी काखेत, बूट पुसून, खुर्चीच्या टोकावर बसला. भिंगरीने जगमधून दोन पेले पाणी ओतलं. नियमच तसा, आधी दोघांनी पाणी प्यायचं. मग एक खरं आणि एक खोटं बोलून हात जुळवून घ्यायचा.

"म्हणा, मी पोलीस आहे."

तो म्हणाला. तिने दाबलं. हात टिकला.

"आता म्हणा, मी न्हावी आहे."

"मी न्हावी आहे."

तिने दाबलं. हात पहारीसारखा ताठ! तिने आणखी दाबलं. मग जवळजवळ लोंबकळली.

"अहो, सोडा ना!"

"सवय आहे," तो ओशाळून म्हणाला. "हात कधी खाली करायचा ते मी ठरवतो."

"इथे तुम्ही नाही ठरवायचं. अंगाने ठरवायचं."

"अंग माझंच आहे ना?"

भिंगरीला हसू फुटलं. आणि ती हसली तसा तो पहारीसारखा हात... हळूच खाली आला. दोघंही त्या हाताकडे बघत राहिली.

"हे कशाने झालं?" त्याने विचारलं.

"काय माहीत," ती म्हणाली, आणि तिथून तिचा गोंधळ सुरू झाला.

तो येत राहिला. ती व्यायाम करून घ्यायची, मानेमागचे बिंदू दाबायची, जुने ताण विचारायची. तो एका वाक्यात उरकायचा. खांदा सुटत गेला. पण तपासण्या सगळ्या चक्रावलेल्या! "चहा कमी करायला हवा," हात वर. "चहा वाढवायला हवा," हात वर. "आज कंटाळा आला होता इथे यायला," म्हणा म्हटलं तर तो म्हणायचाच नाही.

"म्हणा ना, नुसतं तपासायचंय."

"खोटं आहे."

"म्हणून तर म्हणायचं!"

"पोलिसाने खोटं बोललं तर नोकरी जाईल," तो म्हणायचा, आणि खिडकीबाहेर बघायचा. पण मिशीत हसायचा, ते तिला दिसायचं.

मग भिंगरीने स्वतःलाच तपासायला घेतलं. त्याची पण रीत असते. एका हाताच्या अंगठ्याची आणि बोटाची कडी करायची, दुसऱ्या हाताने ओढायची. टिकली तर हो, सुटली तर नाही. दुकानात काउंटरमागे उभी राहून ती पुटपुटायची, "तो मला आवडतो." कडी टिकायची. "तो मला मुळीच आवडत नाही." कडी टिकायची!

"ताई, माझा चष्मा?" समोरचे आजोबा विचारायचे.

"थांबा हो, मला काही कळत नाहीये."

"मला पण काही दिसत नाहीये!"

शेवटी ती बाईंकडे गेली. "बाई, दोन्हीकडून हो आलं तर?"

"पाणी पी."

प्यायली. "तरीही आलं तर?"

बाईंनी चादरीची घडी घालता घालता तिच्याकडे बघितलं. "मग एक ऐक. ज्याचं उत्तर अमुकच यावं असं आपल्याला आतून वाटतं, त्याचा हात तपासायचा नाही. आपली बोटं हवं तेवढंच दाबतात. तो कौल त्याचा नसतो, आपला असतो. हा आपल्या कामातला सगळ्यात मोठा नियम. कोणाबद्दल विचारतेयस?"

"कोणाबद्दल नाही... असंच."

घरी जाताना ती आपल्याच गल्लीवरून पुढे निघून गेली. म्हणजे, तिला तो आवडत असेल तर तिची केस बाद. केस बाद तर सर्टिफिकेट नाही, पाटी नाही, मामाचा काउंटर जन्मभर. आणि आवडत नसेल... तर मग तो पाणी प्यायल्यावर पेला उलटा घालून ठेवतो, एवढंही कशाला लक्षात राहतंय?

परीक्षेचा दिवस आला. बाई खिडकीपाशी बसल्या, मामा दाराजवळ. पोलिसाने हात आडवा धरला, आता अगदी सरळ, खांद्याच्या रेषेत. भिंगरीने मनगटावर बोटं टेकवली.

"त्यांना म्हणायला सांग," बाई म्हणाल्या, "इथे येऊन मला बरं वाटतं."

तो तिच्याकडे बघत म्हणाला, "इथे येऊन मला बरं वाटतं."

तिने दाबायला हवं होतं. पण बोटं हलेनात. एकच वाटत होतं, की हा हात टिकावा. खाली आला तर ती इथेच रडेल.

तिने बोटं काढून घेतली. "बाई... ह्यांचा हात मला तपासता येणार नाही."

"का?"

"मला उत्तर आधीपासूनच हवंय."

"अगं, म्हणजे काय?" मामा उठलाच. "खांदा बरा झालाय त्याचा! मी बघितलंय गाड्या अडवताना! दाब की!"

बाईंनी चष्मा काढला. "मग आज सर्टिफिकेट नाही मिळणार."

"माहीत आहे."

"पुढच्या परीक्षेला दुसरी केस घेऊन ये."

"पुढची कसली?" मामा म्हणाला. "ही शेवटची खेप ठरली होती!"

"मामासाहेब," बाई शांतपणे म्हणाल्या, "दोन बोटं दाबली असती तर तुमची भाची आज पास होती. इथे कोणालाच कळलं नसतं, मला सुद्धा नाही. अशी मुलगी मला हवीच आहे. काउंटरचं नंतर बघा, तिला आणखी एक खेप द्या."

मामा खाली बसला. बराच वेळ मान चोळत राहिला. मग खाकरून म्हणाला, "तसं... मान धरलीय माझी कधीची. मामा केस म्हणून चालतो का?"

भिंगरीने काही ऐकलं नाही. ती जिन्यात पोचली होती. मागून बुटांचा आवाज आला, आणि तिने वळून न बघताच म्हटलं, "मला काहीच कळत नाहीये."

तो दोन पायऱ्या वर थांबला. म्हणाला, "मलाही कळत नव्हतं. पण चौकात चारी बाजूंनी गाड्या येतात आणि माझं लक्ष एकाच बाजूला असतं, जिथून तुम्ही येता. एवढ्यावरून जे कळायचं ते मला कळलं. तुमचं उत्तर आज नको. तुमचा गोंधळ निवळेपर्यंत मी उभा राहीन. उभं राहण्याचीच नोकरी आहे माझी."

आणि भिंगरी, जिचा पाय कधी ठरला नाही, ती त्या पायरीवर ठरली...

बरं, आता एक सांगूनच टाकते. बाकी सगळं खरं, पण हे जिन्यातलं भाषण माझं. तो असलं काही बोलला नाही. टोपी हातात गोल गोल फिरवली, कान लालबुंद झाले, आणि "चला" एवढंच म्हणाला, ते पण गडबडून, गाडीला वाट दाखवतो तसा हात भिंतीकडे करून. तिने तो हात धरला. तपासायला नव्हे, नुसताच. आणि सोडला नाही.

अगं, इतकं गोड बोलता आलं असतं, तर तो शिट्टी वाजवून पोट भरत असता का?