नऊ तासांचा थांबा

बॅग भरून झाली ना तुझी? मग बस इथे. तुम्हीही बसा रे. हा उद्या पहिल्यांदाच एवढ्या लांब निघालाय, मध्ये रात्रभर विमानतळावर थांबायचंय म्हणतो, म्हणून आठवलं. ऐकीव नाही हे. चौकातल्या शिंप्याने, आपल्या मास्टरांनी, मला समोर बसवून सांगितलंय. आणि मास्टर थापा मारणाऱ्यांतले नव्हेत.

मास्टर निघाले होते लेकीच्या बाळंतपणाला. बायको केव्हाच गेलेली, लेक सातासमुद्रापार एकटी. बारा फेब्रुवारी, गुरुवार. अंगात नवा कोट घालून इथून छोट्या विमानाने रात्री नऊला मोठ्या विमानतळावर उतरले. पुढचं विमान सकाळी सहाला. नऊ तास! तिथल्या खुर्च्या कुणी केल्या कोण जाणे, त्या माणसाला पाठ नसावी असं मास्टर म्हणायचे. झोप काही लागेना. शेवटी त्यांनी पिशवीतून बाळाचं झबलं काढलं आणि पिवळ्या धाग्याने कडा शिवत बसले. कात्री तपासणीत काढून घेतली होती, सुई राहिली होती.

पावणेतीन वाजले. आसपास चिटपाखरू नाही. लांब कुठेतरी फरशी पुसायचं यंत्र घरघरत होतं, तेही थांबलं.

"बाळाचं का?"

शेजारच्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. काळा कोट, केस नीट विंचरलेले. कधी आले, कळलं नाही.

"हो. लेकीचे दिवस भरलेत," मास्टर म्हणाले.

"मीही लेकीकडेच चाललोय. तुमच्याच विमानाने."

मास्टरांना बरं वाटलं, सोबत मिळाली. "सामान कुठंय तुमचं?"

"सामान नाही."

मास्टरांनी पुन्हा झबल्यात सुई घातली.

"मास्टर, एक काम होतं."

आपल्याला मास्टर म्हणतात हे याला कुणी सांगितलं? मास्टरांच्या मनात आलं, पण म्हातारा तोवर उठून पाठमोरा झाला होता.

"एवढं शिवून द्या. लेक बघेल तर तिला सोसायचं नाही."

कोट मागून उघडा होता. कॉलरपासून खालपर्यंत. उसवलेला नव्हे, फाटलेलाही नव्हे. कात्रीने सरळ कापलेला.

असा काप मास्टरांनी पूर्वी एकदा पाहिला होता. माणूस ताठला की त्याचे हात वाकत नाहीत. मग कोट पाठीतून कापतात, बाह्या पुढून चढवतात आणि कडा अंगाखाली दाबून टाकतात. समोरून बघणाऱ्याला कळतही नाही.

...कुणासाठी करतात असं, कळलं ना? बोलू नकोस. कळलं असेल.

मास्टरांना ओरडायचं होतं. पळायचं होतं. पाय उचलेनात. आणि म्हातारा तसाच उभा. मान खाली घालून.

"तुम्हालाही लेक आहे," तो म्हणाला.

मास्टरांनी सुई लावली.

पहिला टाका... दुसरा... बोटं पाठीला लागत होती. गार पाठ, दगडासारखी. पाठ वरखाली होत नव्हती. श्वासच नव्हता. औषधाचा उग्र वास. मास्टर मोजत नव्हते, बघत नव्हते. फक्त टाके. खाली... आणखी खाली...

शेवटची गाठ मारली. कात्री नव्हती. दोरा दातांनी तोडावा लागला. तोंड त्या कापडाला लावून.

"उपकार झाले," म्हातारा म्हणाला. "ठेवून घेणार नाही मी. परत करीन."

मास्टरांनी डोळे मिटले. उघडले, तेव्हा खुर्ची रिकामी.

पहाटे त्यांनी काचेतून खाली पाहिलं. त्यांच्या विमानाच्या पोटात माणसं सामान चढवत होती. बॅगा झाल्या. मग एक लांब लाकडी पेटी. चार जणांनी उचललेली. हळूच.

काय करणार? लेक वाट बघत होती. चढले विमानात. चौदा तास पायाखाली ती पेटी, आणि यांचा डोळ्याला डोळा नाही. खुर्चीला पाठ घट्ट टेकून बसून राहिले.

उतरले. लेक न्यायला आली होती. मास्टर तिला बघून लहान पोरासारखे रडले. तिने मिठी मारली. हात त्यांच्या पाठीवरून फिरवला. आणि थांबली.

"बाबा... कोट मागून कुणी शिवला?"

बाळ पुढे सुखरूप झालं. मास्टरही परत आले. तो कोट त्यांनी मला दाखवला. निघायच्या आदल्या दिवशी स्वतः शिवून पूर्ण केलेला, पाठीचं कापड अखंड. प्रवासभर अंगातून काढला नव्हता.

मानेपासून खालपर्यंत सरळ काप. त्यावर काळ्या धाग्याचे बारीक टाके. मी बोट फिरवून पाहिलंय.

मास्टरांच्या हातचे नव्हते ते.