चित्र नाही, आवाज येतो

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. हे माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय आणि मामाला थापा मारायची सवय नाही, एवढंच मी सांगू शकते.

मामा बावीस वर्षं टीव्ही दुरुस्त करतोय. आधी जाडजूड खोक्यांसारखे होते ते, आता भिंतीवरचे सपाट. कुणी भुताखेताचा विषय काढला की तो हसायचा. म्हणायचा, "हजारो टीव्ही उघडलेत मी. आत धूळ असते. फार तर झुरळं."

आता तो असं म्हणत नाही.

गुरुवार होता. दुपारचे सव्वातीन. रात्र नाही, अंधार नाही, बाहेर लख्ख ऊन. एका जुन्या इमारतीचा तिसरा मजला.

मामाला बोलावलं होतं ते त्या घरातल्या काकांच्या मुलीने, दुसऱ्या शहरातून फोन करून. आई जाऊन आठ महिने झाले होते. वडील एकटे. टीव्हीचं चित्र गेलेलं, आवाज तेवढा येतो, आणि वडील दिवसभर त्या काळ्या पडद्यासमोर बसून असतात, असं ती सांगत होती. दुरुस्तीचं नाव काढलं की फोन ठेवून देतात. ते नको म्हणतील, तरी करून द्या, असं तिने दोनदा बजावलं होतं.

लक्षणं ऐकूनच मामाने ओळखलं होतं. पडद्यामागे बारीक दिव्यांच्या पट्ट्या असतात, त्यातला एक जरी दिवा जळाला तरी सगळा पडदा काळा पडतो. मामाने तिच्याकडून मॉडेलचा नंबर घेतला आणि नव्या पट्ट्या पिशवीत टाकूनच निघाला.

दार काकांनी उघडलं. सडपातळ, स्वच्छ दाढी केलेले, जाड भिंगाचा चष्मा. आयुष्यभर कुठल्याशा कचेरीत नकाशे काढून डोळ्यांची वाट लागलेली. मुलीचं नाव ऐकून कपाळाला आठी पडली, पण दारातून माणसाला परत पाठवायचा त्यांचा स्वभाव नसावा.

आतल्या खोलीत टीव्ही सुरू होता. पडदा काळा, बातम्यांचा आवाज मात्र खणखणीत. समोर दोन वेताच्या खुर्च्या. डावीकडच्या खुर्चीच्या हातावर काकांचं वर्तमानपत्र होतं. मामा उजवीकडच्या खुर्चीवर पिशवी ठेवायला गेला...

"तिथे नको," काका म्हणाले.

आवाज चढवला नव्हता त्यांनी. तरी मामाचा हात तिथल्या तिथे थांबला.

त्याने पिशवी खाली ठेवली. खिडकीचे पडदे आधीच ओढलेले होते. काका आपल्या खुर्चीत जाऊन बसले आणि मामाने टॉर्च काढला.

दिवे गेलेत की पूर्ण पॅनेल गेलंय, हे बघायची एक साधी युक्ती असते. टीव्ही सुरू ठेवायचा आणि टॉर्च पडद्याला अगदी टेकवून तिरका धरायचा. दिवेच गेले असतील तर जिथे उजेड पडतो तेवढ्या तुकड्यात आतलं चित्र पुसट दिसतं. मामाने हे शेकडो वेळा केलं होतं.

उजेड पडला. चित्र दिसलं.

पण बातम्या वाचणारी बाई नव्हती तिथे.

एक भिंत होती. भिंतीवर घड्याळ...

मामाने मान वळवून मागे पाहिलं. तेच घड्याळ. तीच भिंत.

काचेत पडलेलं प्रतिबिंब असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. टॉर्च थोडा सरकवला. घड्याळाचे आकडे सुलटे होते. आरशात असतात तसे उलटे नाहीत. टॉर्च आणखी खाली आणला. काका खुर्चीत बसलेले दिसले.

मामा मात्र त्या चित्रात नव्हता. टीव्हीसमोर हातभर अंतरावर उभा असून कुठेच नव्हता.

मामाने सेट-टॉप बॉक्सची वायर उपटली. बातम्या बंद झाल्या. चित्र गेलं नाही.

आता टीव्हीच्या स्पीकरमधून वेगळाच आवाज यायला लागला.

टिक... टिक... टिक...

खोलीतल्या घड्याळाचा. तो मागूनही येत होता आणि टीव्हीतूनही.

मामाने टॉर्च शेजारच्या खुर्चीकडे नेला. का नेला, ते त्याला आजही सांगता येत नाही.

दुसऱ्या खुर्चीत कुणीतरी बसलं होतं.

त्याने झटकन मागे पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

"दिसली ना?" काकांनी विचारलं.

त्यांच्या आवाजात भीतीचा लवलेश नव्हता. उलट कुणाला तरी सांगायला मिळालं, याचं समाधान होतं. मग ते सांगत सुटले. बायको गेल्यावर महिन्याभरात टीव्हीचं चित्र गेलं. एकदा खोलीतली ट्यूब उडाली, म्हणून टॉर्च घेऊन स्टूल शोधत होते, आणि उजेड पडद्यावर पडला. तेव्हा ती दाराजवळ उभी होती. नुसती उभी. पुढे महिना-दीड महिन्याने खिडकीपाशी आली. आणि गेले काही दिवस शेजारी येऊन बसते. चाळीस वर्षं बसायची तशीच.

मामाने चेहरा दिसतो का म्हणून विचारलं.

"माझे डोळे हे असे," काका म्हणाले. "आणि बायकोला ओळखायला चेहरा कशाला लागतो?"

मामाचे डोळे चांगले होते.

त्याने पुन्हा टॉर्च टेकवला. जवळच्या फळीवर काका-काकूंचा फोटो होता. दोघं कुठल्याशा बागेत उभे. गोल चेहऱ्याची, हसरी, ठेंगणी बाई.

पडद्यातलं जे होतं ते खुर्चीत बसूनही काकांपेक्षा दीड हात उंच होतं. डोकं घड्याळाला टेकलेलं. डोक्याखाली मान संपतच नव्हती. आणि एक लांबलचक हात... काकांच्या खांद्यावर ठेवलेला.

मामा म्हणतो, त्या क्षणी पिशवी उचलून पळावंसं वाटलं. बायको-मुलं आठवली. पण पाठमोरं होऊन पळायचं, तर त्या म्हाताऱ्या माणसाला तिथेच सोडून. आणि काकांना खरं काय ते सांगायचं, तर त्यांचा एवढा एकच आधार आपल्या हाताने कसा काढून घ्यायचा?

त्याने टॉर्च विझवला.

मग विचारलं, "काका, काकू उंचीला किती होत्या?"

"माझ्या खांद्याला लागायची."

"हे बसलंय ते तुमच्यापेक्षा उंच आहे. बसून."

 काकांनी हळूच स्वतःच्या खांद्याकडे पाहिलं. मग, शेजारच्या खुर्चीकडे न बघता, म्हणाले, "सकाळी उठलो की हा खांदा दुखतो माझा. मला वाटलं, वय झालं."

टीव्हीतून आवाज आला.

करर्र...

वेताची खुर्ची वाजते तसा. बसलेलं माणूस उठायच्या बेतात असताना वाजते तसा.

"दिवे बसवा," काका म्हणाले. "लवकर बसवा."

मामाने प्लग काढला. दोघांनी मिळून टीव्ही भिंतीवरून उतरवला आणि जमिनीवर चादर अंथरून पालथा घातला. मागचं झाकण, मग बोर्ड, मग पुढची चौकट. काचेचं पॅनेल पापडासारखं नाजूक असतं, ते उचलताना काकांनी दुसरी बाजू धरली. त्यांचे हात मामापेक्षा स्थिर होते. नंतर ते मामाला खेटून जमिनीवरच बसून राहिले. पुन्हा खुर्चीत बसले नाहीत.

जळालेला दिवा सापडला. तिसऱ्या पट्टीत, काळा ठिक्कर. अगदी साधा बिघाड. मामाला जरा हायसं वाटलं.

तेवढ्यात त्याचं लक्ष उजव्या खुर्चीकडे गेलं.

तिच्यातली गादी मधोमध दबलेली होती... आणि बघता बघता हळूहळू वर आली.

काकांनीही ते पाहिलं.  मामाने खाली मान घालून एकेक स्क्रू बसवला.

सहाच्या सुमारास टीव्ही पुन्हा भिंतीवर चढला. वायर जोडली, प्लग लावला. पडदा झगझगीत उजळला. बातम्या वाचणारी बाई, रंग, अक्षरं, सगळं जागच्या जागी. मामाने सुटकेचा श्वास सोडला.

काका मात्र पडद्याकडे बघत नव्हते. ते खोलीकडे बघत होते. दाराकडे, खिडकीकडे, कोपऱ्यांकडे.

"आता आपल्याला ते दिसणार नाही," ते म्हणाले. "पण ते गेलं कुठे?"



मामाने तिथूनच काकांच्या मुलीला फोन लावला. कारण सांगितलं नाही. वडिलांना बरं नाही, आजच तुमच्याकडे बोलावून घ्या, एवढंच म्हणाला. रात्रीच्या गाडीला वेळ होता, तोपर्यंत काकांनी मामाकडे थांबायचं ठरलं. काकांनी बॅगेत चार कपडे भरले. फोटो घेतला. मामाने टीव्ही बंद केला, प्लग काढला, आणि वायर गुंडाळून वर ठेवली. हे तो मला तीनदा सांगतो. "वायर मी स्वतः गुंडाळली."

बाहेर येऊन काकांनी कुलूप लावलं. किल्ली फिरवली.

आणि आतून आवाज आला...

टीव्हीचा.

दाराखालच्या फटीतून निळसर उजेड जिन्यावर पडत होता. कमी-जास्त होत होता. काकांनी किल्ली कुलपातून काढली, खिशात टाकली.

"चला," ते म्हणाले.

दोघं तिन्ही मजले न थांबता उतरले.

काका आता मुलीकडे असतात. खांदा दुखायचा थांबलाय म्हणतात. घर बंदच आहे. मुलगी ते विकायचं म्हणते आणि काका दर वेळी विषय बदलतात.

आत कसला आवाज येत होता, बातम्यांचा का, असं मी मामाला विचारलं होतं. 

तो म्हणाला, "एक शब्द बातम्यांचा. एक गाण्याचा. मग कुणाचं तरी हसणं. पुन्हा दुसरंच काहीतरी."

"म्हणजे?"

"कुणीतरी चॅनल बदलत होतं."