आत एक तास, बाहेर एक मिनिट

खंडाळ्याच्या कालभौतिकी प्रयोगशाळेत शीघ्रकाल कक्षाचं दार उघडलं आणि डॉ. सुमेधा चौबळ ताज्यातवान्या होऊन बाहेर आल्या. बाहेर त्यांचे पती आणि सहसंशोधक डॉ. विद्याधर मघाचंच वाक्य पुरं करत होते.

"...तेव्हा चष्मा तूच कुठंतरी ठेवला असणार."

"कपाळावर आहे तुझ्या."

कक्षाचं तत्त्व सोपं होतं. आत काळ साठपट वेगानं धावायचा. आत तास गेला की बाहेर मिनिटभर. रोज चार चाचण्या, प्रत्येक चाचणी दोन तासांची, आणि प्रत्येक वेळी आत माणूस हवा. हे काम सुमेधाबाईंनी वर्षभर हौसेनं अंगावर का घेतलं, ते त्यांचं गुपित होतं. आत त्या व्हिडिओ गेम खेळायच्या. भरती यायच्या आधी एका खेकड्याला खडकाखडकांवरून खाडीपार न्यायचं, एवढाच खेळ. पण फोन नाही, दाराची बेल नाही, "आज भाजी काय?" नाही. खेकडा बुडाला तर त्याचं दुःखसुद्धा निवांत करता यायचं! खरं सांगायचं तर पीएच.डी. मिळाली तेव्हाही त्या इतक्या सुखात नव्हत्या.

बिंग फोडलं केसांनी.

"रंग महिनाभर टिकायचा ना? मग हल्ली तीन आठवड्यांतच मुळं पांढरी कशी?" विद्याधर म्हणाले, आणि लगेच कागद ओढून गणिताला बसले. "रोज आठ तास तू जास्त जगतेस. वर्षाचे झाले चार महिने. सुमेधा, मी तुझ्याहून तीन महिन्यांनी मोठा होतो. आता तू माझ्याहून महिन्यानं मोठी आहेस!"

"मग कर वाकून नमस्कार."

विद्याधर हसले नाहीत. "मला वाटायचं, दोन मिनिटांत येतेस. आणि तू चक्क चार महिने माझ्याशिवाय काढलेस. अशीच पुढं पुढं गेलीस तर शेवटी मी एकटा मागं राहीन गं. मला भीती वाटते."

सुमेधाबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी खेळाचं सगळं कबूल केलं. "उद्यापासून बंद," त्या म्हणाल्या.

"बंद कशाला? मीच महिनाभर आत राहतो, म्हणजे बरोबरी होईल. बाहेर तुझे बाराच तास जातील. तुझं डोकं खायलाही कुणी नाही."

त्यांच्यापुढं कुणाचं चालत नसे. महिन्याचा शिधा आणि सहा जाडजूड पुस्तकं घेऊन ते आत गेले. खाट, शेगडी, न्हाणी आत होतीच.

दार लागलं आणि बाहेर शांतता झाली. पहिलं मिनिट सुमेधाबाईंना फार आवडलं. मग त्यांनी चहा ठेवला, आणि तो उकळेपर्यंत त्यांच्या लक्षात आलं की आत पाच तास होऊन गेले. ज्या माणसाला पाच मिनिटं गप्प बसवत नाही, तो पाच तास भिंतींशी बोलत असणार. त्यांनी एक घोट घेतला. सहा तास. साखर ढवळली. सात. आपण इथं आरामात बसलोय आणि त्याचा अख्खा दिवस एकट्यानं सरतोय, हे त्यांना सहन होईना. कप तसाच ठेवून त्या धावल्या आणि त्यांनी दार उघडलं. बाहेर नऊ मिनिटं झाली होती.

विद्याधर खाटेवर मांडी घालून बसले होते. पुस्तकांची दोरीही सोडलेली नव्हती. डोळे पडद्यावर आणि दोन्ही अंगठे जोरात चालू.

"विद्या, चल बाहेर. मला नाही करमत."

त्यांनी मान वर केली नाही. "अगं, थांब ना एक मिनिट! बघ, हाक मारलीस आणि बुडाला. नऊ तासांत पहिल्यांदा सातव्या खडकापर्यंत पोचलो होतो."

सुमेधाबाईंच्या ओठांवर आठव्या खडकाची युक्ती आली होती, ती त्यांनी गिळली. दार आतून लावून घेतलं आणि चकार शब्द न काढता त्या त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.