सूपधारेचं लुगडं

आमचे हे मीठ आणायला पोलादपूरला गेले आणि येताना पाहुणे घेऊन आले.

भादवा सरत आला होता. आगबोटी नुकत्याच पुन्हा सुरू झालेल्या. ही मुंबईची मंडळी बोटीनं रत्नागिरीकडं निघालेली. बाणकोटला उतरली, पुढच्या बोटीला दोन दिवस होते, म्हणून लाँचनं सावित्रीतून वर दासगावला आली आणि तिथून यष्टीनं पोलादपूर. पाऊस ओसरताना सूपधार बघावी, असं त्यांना बोटीवर कुणी सांगितलं होतं. सुपातून तांदूळ पाखडावेत तसं पाणी कड्यावरून उतरतं, म्हणून ती सूपधार. आमची वाडी तिच्या पायाशी. परसदार उघडलं की समोर धारच. तिच्या आवाजात आम्ही सगळीच जन्मभर ओरडून बोललो.

सासूनं पाहुणे बघितले आणि ह्यांना म्हणाली, "मीठ इसरलास नि मुंबय घेऊन आलास, व्हय रे?"

मंडळी हसली. तिघं होती. अंबिकाबाई म्हणून एक भारदस्त बाई, त्यांचा मुलगा रघुवीर, आणि सून विनोदिनी. सून अठरा-एकोणीस वर्षांची, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिला आई नव्हती. म्हणून की काय, सासूला दर दोन शब्दांनी आई म्हणायची. "आई, हे बघा. आई, ते बघा." अंबिकाबाई वैतागल्याचं सोंग करायच्या, "अगं, किती आई आई! आता पदराला गाठच मारून घे." पण तोंडावर कौतुक मावत नव्हतं. मला माझी सासू आठवली आणि जरा हेवाच वाटला, खोटं कशाला सांगू.

उन्हं उतरायच्या आत नवराबायको धारेखाली जाऊन आली. अंबिकाबाई पडवीतच बसल्या. पोरगी परतली ती नखशिखांत भिजून, दात वाजताहेत आणि हसतेय. त्यात तिची पिशवी वाटेत ओढ्यात पडलेली, कोरडं फडकं उरलं नव्हतं. मी चुलीपाशी होते, भाकऱ्या थापत. सासू गोठ्यात धार काढत होती. मी म्हणलं, "ताय, आत कोठीत जा, भाकरी उतरली की लुगडं काढून देते." ती कोठीच्या खोलीत गेली. तिथं दिवा नव्हता. भाताच्या कणग्या आणि अंधार.

माझी भाकरी तव्यावरून उतरली नाही तोच ती बाहेर आली. अंगावर लुगडं. हिरवट काळं, रुंद काठाचं, जुन्या विणीचं. मला वाटलं, अंबिकाबाईंनी आपलं दिलं असेल. त्या नऊवारीच नेसायच्या. शहरातल्या माणसांचं कापड, त्यात आपण काय बोलायचं? मी दुसरी भाकरी थापायला घेतली.

जेवायला बसलो. कुळथाचं पिठलं, भाकरी. मीठ शेजारणीकडून आणलेलं. अंबिकाबाई सुनेकडं बघून म्हणाल्या, "तुळजाबाई, लुगडं मात्र किती सुरेख दिलंत हो हिला. असली वीण आता दिसत नाही."

सासूचा घास हातात राहिला.

"म्या नाय दिलं."

"मग साळूबाईंनी दिलं असेल."

"मी नाय," मी म्हणलं. "मला वाटलं तुमचंच हाय."

रघुवीर हसला. "म्हणजे दोघींनी नाही दिलं, तर आमच्या बायकोनं चोरलं की काय?"

विनोदिनीनं मान वर केली. तिला यातलं काही कळलंच नव्हतं. म्हणाली, "आतल्या काकूंनी दिलं ना. त्यांनीच नेसवलं. मला कुठे येतं नऊवारी?"

मी तेव्हा नीट बघितलं. कासोटा आमच्या डोंगरातल्या बायकांसारखा, गुडघ्यावर ओढून, चिखलणीला जाताना खोचतात तसा खोचलेला. मुंबईच्या बाईला जन्मात जमला नसता.

"कुठली काकू?" सासूनं विचारलं. इतक्या हळू की धारेच्या आवाजात ओठच तेवढे दिसले.

"त्या... बोलत नाहीत त्या. हात फार गार होते हो त्यांचे."

आमच्या घरात सासू आणि मी. तिसरी बाई नव्हती.

सासूनं वाद घातला नाही, घाबरल्याचंही दाखवलं नाही. बाप्यांना म्हणाली, दमला आहात, पडवीत आडवे व्हा. ते लगेच झोपलेही. मग आम्हा तिघींना घेऊन ती परसदारापाशी बसली. मध्ये चिमणीचा दिवा. बाहेर धार कोसळत होती आणि घरात हळूहळू वास भरत होता. शेवाळाचा. दगडाखालच्या ओल्या जागेचा, जिथं ऊन कधी पोचत नाही.

"जिचं हाय ती मागायला येईल," सासू म्हणाली. "आपण आधीच देऊन टाकायचं. लुगडं द्यायचं. आतलं माणूस नाय द्यायचं. साळू, तुझं लुगडं आण. हिला नेसव. नि हिचं मनगट धर. मी सांगेन तवर सोडू नको."

अंबिकाबाईंनी सुनेला जवळ ओढलं. "हे काय चाललंय? तिला काही होणार तर नाही ना?"

"होऊ नये म्हणूनच चाललंय, बाय."

लुगडं सोडताना माझी बोटं गारठली. पाण्यातून काढल्यासारखं जड, आणि तरी कोरडं. गाठ सुटेना. विनोदिनी म्हणत होती, "राहू द्या ना, किती ऊब आहे याला." शेवटी सुटलं. मी माझं तिच्या अंगाला गुंडाळलं आणि तिचं मनगट घट्ट धरलं. सासूनं अडसर काढला, दार वीतभर उघडलं आणि बोळा बाहेर फेकला.

वारा आत आला. चिमणी विझली.

किती वेळ अंधार होता ते सांगता येणार नाही. माझ्या गालावरून काहीतरी ओलं सरकत गेलं, केसांसारखं. कुणीतरी श्वास आत ओढला... मग अडसर पडल्याचा आवाज. सासूनं काडी ओढली.

विनोदिनी माझ्या लुगड्यात, माझ्या शेजारी बसलेली. मनगट माझ्या मुठीत. ते मी सोडलं नव्हतं. आजही देवाशपथ सांगते, सोडलं नव्हतं.

मी मोठा श्वास टाकला. अंबिकाबाईंनी हात जोडले.

तेवढ्यात बाहेरून हाक आली.

"आई..."

दाराच्या अगदी फळीशी.

"आई, मी बाहेर आहे. दार उघडा ना."

अंबिकाबाई उभ्याच राहिल्या. "ही माझ्या सुनेची हाक आहे."

सासूनं त्यांचा हात धरला. "तुमची सून तुमच्या म्होरं बसलीय."

"आई, मला काही नेसायला नाही हो... थंडी वाजतेय... आई..."

"ती आहे! अहो, तिचाच आवाज!"

"आवाज कुणाचा पण काढता येतो. बसा खाली."

अंबिकाबाई सुनेपुढं गुडघ्यांवर बसल्या. तिचा चेहरा दोन्ही हातांत घेतला. "विनू, बोल गं. तू बोल माझ्याशी. काहीही बोल."

पोरीनं त्यांच्याकडं बघितलं. मग दाराकडं. मग म्हणाली, "अडसर नीट बसलाय ना?"

एवढंच.

अंबिकाबाईंच्या जिवाचं काय झालं असेल ते माझ्या सासूच्या तोंडावर दिसत होतं. दार एक, अडसर एक, आणि हात घालायचा की नाही ते सासूनं ठरवायचं. ती अडसराला पाठ लावून बसली. अंबिकाबाई दोनदा उठल्या, दोनदा तिनं त्यांना खाली ओढलं. हाका चालूच होत्या. आधी आई, मग नुसतं रडणं, मग फळीवर नखांचा आवाज. पडवीत बाप्ये घोरत होते. त्यांना धारेशिवाय काही ऐकू आलं नाही. कोंबडा आरवला तेव्हा बाहेरचा आवाज थांबला. सासूनं दार उघडलं. परसात कुणी नव्हतं. लुगडंही नव्हतं.

सकाळी विनोदिनीचं गोल पातळ चुलीवरच्या दांडीवर वाळलं होतं. ती ते हातात घेऊन उभी राहिली. एक टोक धरी, दुसरं सोडी. शेवटी अंबिकाबाईंनी तिला निऱ्या घालून दिल्या, लहान मुलीला घालतात तशा. रघुवीर चेष्टेनं म्हणाला, "काय गं, काकूंच्या लुगड्यानं स्वतःची रीत विसरलीस?" ती हसली. चांगलं हसली. मंडळी गेली, लाँच मिळाली, पुढची बोटही मिळाली.

मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या वर्षी बोटी सुरू झाल्या आणि अंबिकाबाई एकट्याच आल्या. हातात घडी केलेलं कोरडं पातळ. सासूनं विचारलं, "सूनबाय बरी हाय ना?"

"बरी आहे. गुणाची आहे. घर सांभाळते, मुलगा झालाय. माझं दुखलंखुपलं बघते." मग त्या थांबल्या. "सासूबाई म्हणते मला. त्या दिवसापासून एकदाही आई म्हणाली नाही."

त्यांनी पातळाची घडी मांडीवर नीट केली.

"तुम्ही मला उठू दिलं नाहीत, तुळजाबाई."

"दार उघडलं असतं नि दुसरंच कोण आत आलं असतं, तर?"

"आणि आतच दुसरं कोण होतं, तर?"

 सासूनं माझ्याकडं बघितलं. मी मनगट सोडलं नव्हतं, एवढंच मी परत सांगितलं.

अंबिकाबाईंनी ते पातळ परसदाराबाहेरच्या दगडावर ठेवलं. "नेसायला नाही म्हणत होती," म्हणाल्या. सकाळी पातळ नव्हतं. हे म्हणाले, वानरांनी नेलं असेल. मग दरसाल त्या यायच्या, पातळ ठेवायच्या, सकाळी परत जायच्या. सासूशी त्यांचं भांडण कधी झालं नाही. दोघी परसदारात शेजारी बसायच्या, एकीनं दुसरीला पान लावून द्यायचं, आणि बोलायचं काही नाही. माझी सासू मरायला टेकली तेव्हा तिनं मला जवळ बोलावलं. म्हणाली, "साळू, पुन्यांदा हाक आली तर माझं ऐकू नको. तुला जे वाटंल ते कर."

ती गेली. मग एका सालात अंबिकाबाई आल्याच नाहीत.

त्यांच्याऐवजी विनोदिनी आली. यष्टीनं, एकटीच. मी तिला एवढ्या वर्षांनी बघत होते. कानाशी एक बट पांढरी, अंग भरलेलं, चष्मा. पडवीची पायरी ती चढली नाही. चहा नको म्हणाली.

"सासूबाई फाल्गुनात गेल्या," ती म्हणाली. "हे त्यांचं काम राहिलं होतं." हातात घडी केलेलं पातळ, पांढऱ्यावर निळी वेल. "दगडावर नको. मीच नेऊन देते तिला."

"कुणाला गो?" मी विचारलं.

ती हसली. तसंच, चांगलं.

"मी येते संगती," मी म्हणलं.

"नको. मला वाट माहीत आहे."

धारेकडं गेली. दिवस कलला. हे शेतावरून आले नव्हते. मी चिमणी लावली आणि परसदारापाशी जाऊन बसले, अडसर घालून. का घातला म्हणाल, तर हातांना सवय.

अंधार पडला आणि फळीशी हाक आली.

"काकू..."

आवाज कोवळा. अठरा वर्षांच्या पोरीचा.

"काकू, दार उघडा ना."

 मी उठले. सासूचं नाव घेतलं आणि अडसर काढला.

विनोदिनीच उभी होती. चष्मा नव्हता. केसांतून पाणी निथळत होतं, पण अंगावर निळ्या वेलीचं पातळ, कोरडं ठाक, निऱ्या मुंबईच्या बाया घालतात तशा. दात वाजत होते. ती मला ओलांडून आत आली आणि चिमणीपाशी उकिडवी बसली.

"किती वेळ हाका मारतेय मी," ती म्हणाली. "दार का नाही उघडलंत?"

मी दार लोटून घेतलं.

ती घरात बघत होती, एकेका कोपऱ्यात. "आई कुठे आहेत? निजल्या का?" मग कुजबुजली, "यांना नका हं सांगू. चिडवतील मला."

मी म्हणलं, "ताय... आधी ऊब घे."

तिनं हात चिमणीवर धरले. आणि मग ती त्या हातांकडंच बघत राहिली. बोटं जाड झालेली, कामानं रापलेली. उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग होता, स्टोचा असावा, जुना, कधीचाच बरा झालेला.

तिनं पदराचं टोक जिभेनं ओलं केलं आणि तो डाग पुसायला लागली. निघेना, तशी आणखी जोरानं पुसत राहिली.