पाठमोरीचं तोंड

बसा. लाइट साडेबाराशिवाय येत न्हाय, तवर पाण्याची मोटार चालू व्हायची न्हाय. ऋतिक, त्यो मोबाईल ठेव खाली. श्रेया, तू आत सरक, गारठा हाय.

मगाशी इचारलंस न्हवं, शाळेच्या भिंतीवरची ती पाठमोरी बाई कुणी काढली? सांगतो. ऐकीव न्हाय हे. माझ्याच टेंपोतनं गेलेल्या माणसाचं हाय.

तेवीस साल. डिसेंबरची बारा तारीख, मंगळवार, कार्तिकातली अवस. सांजच्याला महिपती पेंटर माझ्या दारात आला. म्हणला, "बाजीराव, टेंपो काढ. भिगवणला शिडी न्यायचीय. एका तोंडाचंच काम राह्यलंय." मी म्हणलं, चला.

महिपती आपल्या सणसरचाच. आधी दुकानाचे बोर्ड रंगवायचा. खताचं दुकान, किराणा, लग्नाचा हॉल, समदं त्याच्याच हातचं. अक्षर असं वळणदार, की दोन खेडी पलीकडनं माणसं बोलवायला यायची. मग फ्लेक्स निघालं, आन एका सालात त्याचं काम बसलं. पुढं कैक वर्सं ब्रश कोरडा. घर चालवलं ते त्याच्या बायकोनं, कौसल्यानं. ऊसतोड असली की फडातनं वाढ्याचा, उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, भारा डोक्यावर घेऊन यायची आन म्हशीवाल्यांना इकायची. घरी आली की मागच्या भिंतीवर गेरू नि चुन्यानं काय तरी काढत बसायची. एक बाई. पाठमोरी. डोक्यावर भारा. तोंड कधीच न्हाय.

मी एकदा इचारलं, "वहिनी, हिला तोंड का न्हाय?"

म्हणली, "भावजी, भारा घेऊन जाणारीचं तोंड कोण बघतं? मागनंच बघत्यात."

तीच बाई महिपतीनं उचलली. पहिल्यांदा आपल्या शाळेच्या भिंतीवर काढली, शाळेच्या दाराकडं बघत उभी. पोरींनी फोटू काढून मोबाईलवर टाकले. मग बारामतीच्या पुलाखाली. कोऱ्हाळ्यात पाण्याच्या टाकीवर. एसटी स्टँडवर भारा घेऊन गाडीची वाट बघत. कुठं बी जा, ती हायच. लोकं तिला पाठमोरीच म्हणायची. पेपरात आलं. पुण्याला बोलावणं आलं, शाल-नारळ झाला. महिपतीचे केस वाढले, गळ्यात उपरणं आलं.

एकदा पुण्याची एक बाई कॅमेरा घेऊन त्याच्या घरी आली. मी व्हतो तितं. तिनं इचारलं, "ही पाठमोरी तुम्हाला सुचली कशी?"

महिपती म्हणला, "सपनात आली."

कौसल्या चहा देऊन रिकामा ट्रे घेऊन दारात उभी. तिनं महिपतीकडं न्हाय बघितलं. माझ्याकडं बघितलं. मला ठावं व्हतं, तिला ठावं व्हतं की मला ठावं हाय. मी कपात बघितलं.

त्या रातीला ती त्याला म्हणली म्हणं, "एकदा तरी सांगा की, हिनं काढली म्हणून." त्यो म्हणला, "लोकं हसतील." झालं. तिनं परत इषय काढला न्हाय. भिंतीवर काढायचं बी सोडलं.

तेवीसच्याच श्रावणात तिला ताप भरला. उतरंना. महिपती पुण्याला एका मोठ्या इमारतीची भिंत रंगवत व्हता. मी फोन केला. म्हणला, "पाठ निम्मी झालीय, एवढी पुरी करून निघतो." मी टेंपोत गादी टाकली आन बारामतीचा रस्ता धरला. दवाखाना यायच्या आधीच संपली. मी एकटाच व्हतो तिच्यासंगं. पाठ पुरी झाल्यावर त्यो आला.

...

व्हय, सांगतो. जरा दम घेऊ दे.

तर भिगवणला म्हस्कूशेठचं नवं हॉटेल. हायवेला तोंड करून लांबलचक भिंत. शेठला वाटलं, धरणावर पक्षी बघायला लोकं येत्यात, नवीन काय तरी पाहिजे. त्यानं महिपतीला सांगितलं, "पाठमोरी समद्यांनी बघितली. माझ्या भिंतीवर ती वळली पाहिजे. बुधवारी सकाळी पडदा काढायचा." महिपतीनं हो म्हणलं. अंग काढून झालं, लुगडं झालं, भारा झाला. तोंडाची जागा कोरी.

साडेनऊला आमी पोचलो. मी शिडी लावून दिली. भिंतीवर वरनं मोठा पडदा सोडलेला, त्यो आत शिरला. आत एक बल्ब. मी टेंपो रस्त्याच्या पलीकडं लावला आन केबिनमधी घोंगडं घेऊन आडवा झालो. उसाच्या ट्रॉल्या जात व्हत्या. बारानंतर त्या बी थांबल्या.

जाग आली ती बोलण्यानं. घड्याळात पावणेतीन.

महिपतीचा आवाज. पडद्याच्या आतनं. मला वाटलं, फोनवर बोलतोय. पर त्याचा फोन माझ्याजवळ, केबिनमधी चार्जिंगला लावलेला.

म्हणत व्हता, "न्हाय? ... बरं. पुसतो."

मग ब्रशचा आवाज. खरखर. परत थांबला.

"नाक एवढं सरळ न्हवतं? ... बरं."

खरखर.

"डोळं?"

...

"मला आठवंना. खरंच आठवंना गं."

मी काच खाली केली. गार वारा आत आला, धरणाच्या पाण्याचा वास. दुसरा आवाज न्हवता. फकस्त महिपती. बोलायचा, आन कुणाचं तरी ऐकल्यासारखा गप व्हायचा. पडद्यावर त्याची सावली. शिडीवर उभा. एकटाच.

"आधारचा फोटू हाय, पर त्यात तू तशी दिसत न्हाईस."

...

"व्हय. माझंच चुकलं."

...

"सांगतो. उद्या समद्यांसमोर सांगतो."

...

"का? आता का नगं?"

मग एकदम हळू...

"वळलीस?"

सावली हलली. त्यो शिडीवर मागं सरकला. बल्ब तसाच. वारा थांबलेला. पडदा मात्र आत वढल्यासारखा... भिंतीकडं.

मग त्यो रडला. मोठा माणूस रडतो तसा, तोंड दाबून. आन मग...

"ए. थांब."

...

"थांब की."

...

"कौसल्ये!"

काय इचारतीस, श्रेया? मी उतरलो का?

...

न्हाय. मी काच वर केली. घोंगडं डोक्यावर घेतलं. पोरी, मी तवा बी कपात बघितलं व्हतं.

साडेसहाला फटफटलं तवा गेलो. पडदा बाजूला केला. महिपती शिडीच्या पायरीवर बसलेला. ब्रश खाली पडलेला. मला बघून म्हणला, "बाजीराव, तिनं तोंड दाखवलं. नीट बघितलं मी. इतक्या जवळनं कधी बघितलं न्हवतं. आन आता परत आठवंना."

तेवढंच. त्यानंतर त्यानं ब्रश धरला न्हाय. आता भिगवणच्या मासळी बाजारात बर्फ फोडतो. मी गेलो की वळख दाखवत न्हाय. मी बी गाडी थांबवत न्हाय.

भिंत? भिंतीवर ती न्हवती. लुगडं न्हाय, भारा न्हाय, पुसल्याचा डाग बी न्हाय. नुसता पांढरा चुना. त्यात मधोमध, खालपासनं वर, बारीक बारीक व्हत गेलेली एक पायवाट. माणसं रोज चालून चालून पडती तशी. महिपतीनं पायवाट कधी काढली न्हवती, कुठल्याच भिंतीवर.

मी जवळ गेलो. बोट लावलं.

रंग न्हवता.

बोटाला वली माती लागली.